गॅलरीतली बाग, खालचे आजोबा आणि किणकिणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गॅलरी कोथरूडला, जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून आहे. लांबी 11 फूट, रुंदी 4. तिच्यात सध्या 38 कुंड्या, एक विंड चाइम (वाऱ्यावर वाजणारी टांगत्या नळ्यांची किणकिणी) आणि मी एवढं मावतं; आमच्या ह्यांना चहा घेऊन आत बसावं लागतं. गेली 19 वर्षं जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून एकदाचे लिहून काढले. सुरुवात झाडांच्या प्रश्नांनी केली होती. लिहिता लिहिता लक्षात आलं की निम्मे प्रश्न माणसांचे आहेत.

बाग सुरू करायची तर कधी करावी?

उत्साह एप्रिलमध्ये येतो, कारण मुलांना सुट्ट्या असतात. झाडं मात्र जूनमध्ये आणावीत, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर. पुण्याचा पाऊस वर्षाला 700 ते 750 मिलिमीटर, तोही बराचसा रिपरिप. नवीन रोपाला असाच पाऊस मानवतो. घाटात कोसळतो तसा कोसळला तर कुंडीतली माती वाहून जाते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीनला कुंडीच्या कडेला हात लावला तर चटका बसतो. त्या उन्हात नर्सरीच्या सावलीतून आणलेलं रोप आठवडाभरात मान टाकतं, आणि मग आपण म्हणतो, "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत."

पहिल्या वर्षी गवती चहा, पुदिना, मायाळू, गोकर्ण आणि एक जास्वंद. बास.

आणि गुलाब?

नको. निदान पहिल्या वर्षी नको. हडपसर-मांजरीकडून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथे गुलाब असा काही फुललेला असतो की हात आवरत नाही. घरी आणल्यावर ती फुलं गळतात आणि पुढची येत नाहीत. पिशवीतला लाल चिकट मातीचा गोळा तसाच कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या बाजूबाजूने वाहून जातं आणि मुळं कोरडी राहतात. तो गोळा बादलीत बुडवून हलक्या हाताने सैल करून मगच लावायचा. दुसरं म्हणजे गुलाब कलमी असतो. कलमाच्या गाठीच्या खालून जोमाने सरळ फांदी फुटली की लोक खूश होतात. तो खालचा जंगली गुलाब असतो, वरच्याला उपाशी मारतो. दिसला की बुडातून काढावा.

माती कुठली घ्यावी?

इमारतीच्या आवारातली नुसती घेऊ नका, ती बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असते. नुसती काळी मातीही नको; ती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात कुंडीपासून सुटून बोटभर फट पडते. मी एक घमेलं लाल पोयटा, एक घमेलं कंपोस्ट किंवा मुरलेलं शेणखत, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं कालवते. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. मातीच्या कुंड्या मी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणते. त्या जड असतात, फुटतात, बाहेरून पांढरे डाग पडतात. पण मे महिन्यात त्यातली माती गार राहते. प्लास्टिकला ते जमत नाही.

किती कुंड्या ठेवल्या तर चालतील? वजनाने काही होतं का?

होतं. 12 इंची कुंडी भिजल्यावर सहज 20 ते 25 किलो भरते. जिथे माणसांचा वावर आहे अशी सपाट गच्ची चौरस मीटरला साधारण 150 किलोच्या हिशेबाने बांधतात. म्हणजे अशा सहाच कुंड्या झाल्या, त्याही माणसं आणि पाण्याचं पिंप न धरता. जुन्या इमारतीत आणखी कमी धरा. जड कुंड्या भिंतीलगत किंवा खाली तुळई असेल तिथे, हलक्या मधे. गच्चीवर सरळ मातीचे वाफे करायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा आणि मग सेक्रेटरींना. क्रम उलटा केलात तर इंजिनियरपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

पाणी किती घालावं?

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर निघून जा. माझ्याकडे मे महिन्यात दोन वेळा, डिसेंबरात दिवसाआड, जुलैत आतल्या कुंड्यांना आठवड्यातून एकदा. एसीचं गोळा केलेलं पाणी चालतं, तांदूळ धुतलेलं तर उत्तम. फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र रोज घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात, महिन्याभरात पानांच्या कडा करपतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद अशी बातमी आली की बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवते. धरणात पाणी कमी असेल त्या वर्षी आधी पुदिन्याला रजा देते.

खालच्या मजल्यावरचे म्हणतात, तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या कपड्यांवर पडतं. काय करावं?

पहिली गोष्ट, ते खरं बोलतायत. वाद घालू नका.

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, दोन्ही निळीत बुडवून वाळत घातलेले. मी नवीन नवीन असताना ग्रिलच्या बाहेर कठड्यावर ओळीने कुंड्या ठेवल्या होत्या. एका सकाळी दार वाजलं. आजोबा सदरा दोन्ही हातांत पताकेसारखा धरून उभे. खांद्यापासून खिशापर्यंत लाल मातीचा ओघळ आणि खिशापाशी तळहाताएवढा डाग. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हा नकाशा कुठल्या देशाचा आहे तेवढं सांगा." तो सदरा मी नेऊन तीन वेळा धुतला. लाल माती साबणाने हटत नाही, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. बाहेरच्या सगळ्या कुंड्या ग्रिलच्या आत घेतल्या. नुसत्या पाण्यासाठीच नाही. वळिवाच्या वाऱ्यात वरून कुंडी पडली तर सदऱ्यावर भागत नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली. पाणी सकाळी साडेसहाला, म्हणजे खाली कपडे पडायच्या आत. आणि एकदम तांब्याभर ओतायचं नाही: आधी अर्धं घालून पुढच्या कुंडीकडे जायचं, फेरी संपवून परत येऊन उरलेलं घालायचं. कोरडखट्ट माती पाणी पीत नाही, खालून सोडून देते. पहिल्या फेरीत ती नरम झाली की दुसऱ्या फेरीचं सगळं पिते. पाणीही निम्मं लागायला लागलं.

ताटल्यांत पाणी साचतं, त्याचं काय?

दर रविवारी सगळ्या रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं. मनी प्लँटच्या बाटल्यासुद्धा यात धरा.

जास्वंदीवर कापूस आलाय. कळ्याही गळतात.

तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्याशी आणि पानांच्या बगलेत चिकटून रस शोषतो. आधी मुंग्यांकडे बघा. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर त्याच ही पिलावळ राखतायत, कारण ढेकणांतून गोड चिकटा पाझरतो आणि तो मुंग्यांना हवा असतो. नुसता ढेकूण मारून मुंग्या ठेवल्या तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. उरलेल्यांवर पाण्याची जोरदार धार मारा. मग लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून, खळखळ हलवून, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूने. दर आठ दिवसांनी, तीनदा. एकदा फवारून "काही उपयोग नाही" म्हणणारे फार भेटतात. कळ्या गळण्याचं दुसरं कारण पाण्याची हयगय: चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी आंघोळ घातली की ती कळी टाकतेच.

सकाळी फिरायला येणारे लोक खालच्या जास्वंदीची सगळी फुलं तोडून नेतात!

हा प्रश्न पुण्यात औषध नसलेल्या रोगांपैकी आहे. हातात पिशवी, काठीला वाकडा आकडा, पायात बूट आणि पहाटे साडेपाचचं टायमिंग. विचारलं तर "देवासाठी नेतोय." आपला देव नाही का? सोसायटीने एका वर्षी पाटी लावली: "फुले झाडावरच देवाला वाहिलेली आहेत." लोक थांबून, पाटी वाचून, हसून, फुलं तोडून जायला लागले.

मी केलेला उपाय असा: उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच ओळखता येते. ती भरलेली असते आणि टोकाशी पाकळ्यांची लाल गुंडाळी बाहेर आलेली दिसते. ती देठासकट तोडून स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी बाहेर काढली की पूजेपर्यंत उमलते. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या फ्रिजमध्ये दुधापेक्षा कळ्या जास्त असतात.

मोगऱ्याला नुसती पानंच येतात.

ऊन कमी पडतंय, नाहीतर कात्री. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवंच. जानेवारीच्या शेवटी आठवडाभर पाणी तोडायचं, मग फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, उरलेली जुनी पानं काढून टाकायची, वरची माती खुरपून शेणखत द्यायचं आणि पाणी सुरू करायचं. पहिल्यांदा छाटताना हात थरथरतो, झाड नुसत्या काटक्यांचं दिसतं. मार्चमध्ये प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळ्या दिसल्या की भीती कायमची जाते.

कढीपत्ता पिवळा पडलाय. ताक घालू का?

घाला. आजीचा उपाय आहे आणि त्यामागे कारणही आहे. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही; आंबटपणा आला की सुटतं. वाटीभर आंबट ताक चार वाट्या पाण्यात, पंधरा दिवसांनी एकदा. लोणी काढलेलं असावं, नाहीतर मुंग्या आणि वास. त्यानेही भागलं नाही तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस (फेरस सल्फेट).

कढीपत्त्याची पानं रात्रीत कुणीतरी खातंय.

आधी बारीक बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो हलला तर ती अळी. मोठी होते तशी पोपटी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून विचित्र वास सोडते. लिंबावर आणि कढीपत्त्यावर येणारी ही फुलपाखराची अळी. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालते.

मी एक कढीपत्ता आमटीसाठी आणि एक अळ्यांसाठी ठेवलाय. सापडतील त्या अळ्या पानासकट दुसऱ्या झाडावर नेऊन सोडते. कोष झाला की दहा-बारा दिवस रोज सकाळी चष्मा लावून बघायचं. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याचे पंख इस्त्री न केलेल्या झंपरासारखे चुरगळलेले असतात. ते उलटं लटकून तासभर वाळवत बसतं. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या उशिरा होतात.

तुळस थंडीत वाळते. अपशकुन आहे का?

नाही. तिला गारठा सोसत नाही आणि मंजिऱ्या धरल्या की तिचं आयुष्य उताराला लागतं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, बी कुंडीतच झटका, नवीन रोपं येतात.

विंड चाइम लावावी का?

मी तिला किणकिणी म्हणते. लावा, पण आधी तुमच्या घरी वारा कधी येतो ते बघा. एप्रिल-मेच्या संध्याकाळी पाचनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो. दिवसभर भाजून निघालेल्या गॅलरीत त्या वेळी खुर्ची टाकून बसावं, पाणी नुकतंच घातलेलं असावं, मोगरा उमलायच्या बेतात असावा आणि वरून एखादाच स्वर पडावा, यासारखं दुसरं सुख मला माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये पान हलत नाही, तेव्हा ती नुसती शोभेची. आणि जून ते ऑगस्ट वारा रात्रंदिवस थांबत नाही. तीच किणकिणी तेव्हा कोणी तरी स्वयंपाकघरात चमच्यांचा ड्रॉवर सतत उघडतंय-मिटतंय अशी वाजते.

कुठली घ्यावी?

दुकानात बोटाने हलवून बघू नका; सगळ्याच छान वाजतात. हातात धरून जोरात फिरवा. वादळात ती अशीच वाजणार आहे. शिंपल्यांची आणि काचेची वळिवात टिकत नाही. बांबूचीचा आवाज खुळखुळ्यासारखा, लांब जात नाही, शेजाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यांत गुणी. पावसाळ्यात मात्र बुरशी येते. स्वस्तातल्या धातूच्या किणकिणीत नळ्या कशाही कापलेल्या असतात, त्यामुळे दोन स्वर एकदम वाजले की दात शिवशिवतात. मधला लोलक लाकडी असावा. धातूवर धातू आपटला की नुसता खणखणाट.

घरी करता येते का?

येते, आणि विकतपेक्षा चांगली होते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (बुधवारी आणि रविवारी भरतो) मला पडद्याचा नऊ फुटी अॅल्युमिनियमचा पोकळ दांडा मिळाला. एकाच दांड्यातून सगळ्या नळ्या कापायच्या, म्हणजे जाडी सारखी राहते आणि स्वर फक्त लांबीवर ठरतो. नळीचा स्वर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात चढतो. त्यामुळे लांबी निम्मी करावी लागत नाही, 50 सेंटिमीटरची नळी 35.4 केली की बरोबर वरचा सा मिळतो.

मी भूप लावला. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, उरलेल्या पाचांपैकी कुठलेही दोन स्वर वाऱ्याने एकत्र वाजवले तरी भांडत नाहीत. वाऱ्याला रियाज नसतो, त्याला चुकायला जागाच ठेवायची नाही. मापं सेंटिमीटरमध्ये: सा 50, रे 47.1, ग 44.7, प 40.8, ध 38.7, वरचा सा 35.4. एकूण 257 सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ फुटांच्या आत. कापताना थोडं जास्त ठेवायचं आणि कानशीने घासत घासत मापावर आणायचं. कमी झालेलं परत येत नाही.

भोकाची जागा सगळ्यांत महत्त्वाची. नळी वाजते तेव्हा तिची दोन्ही टोकं आणि मध्य थरथरतात, पण टोकांपासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर दोन ठिकाणं जवळजवळ स्थिर असतात. तिथे टांगली तर दोरा आवाज दाबत नाही. 50 च्या नळीला वरून 11.2 सेंटिमीटरवर भोक, 35.4 च्या नळीला 7.9 वर. मी पहिल्यांदा हौसेने अगदी टोकाशी भोकं पाडली होती. वाजवली तर टक्, टक्, टक्. ओट्यावर उलथनं आपटल्यासारखं. दुसऱ्यांदा मापाने पाडली, टांगून लाकडी पळीने हलकेच वाजवली, आणि तो सा इतका वेळ घुमत राहिला की आतून हे पेपर ठेवून बाहेर आले. लोलक नळ्यांच्या मध्यावर लागेल असा सोडा. भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर वर्षभरात दोरा कापून नळी खाली जाते. आणि खाली कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहेच.

शेजारी विंड चाइमबद्दल तक्रार करतात. कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण डेसिबल मोजायला गेलात तर जिंकाल आणि शेजार गमवाल. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येईल ते माहीत नसणं हे झोपेला जास्त नडतं. नळ टपकतो तेव्हा आपण पुढच्या थेंबाची वाट बघत जागे राहतो, तसं.

माझी किणकिणी लागली त्या जुलैत आजोबा पुन्हा वर आले. म्हणाले, "अहो, रात्रभर देवळाच्या ओवरीत निजल्यासारखं वाटतंय. मधूनच कोणीतरी घंटा वाजवून जातंय." त्या दिवसापासून रात्री साडेनऊला मी लोलकाला रबरबँड लावते. पावसाळ्याचे तीन महिने ती सरळ आत, देवघराच्या खुंटीला. दिवसा घरात कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, तर तेव्हाही बंद.

विंड चाइमने पक्षी घाबरून येत नाहीत, खरं का?

दोन दिवस बिचकतात, मग सरावतात. आमच्याकडे तर शिंजीरने (सनबर्ड) किणकिणीवरच घरटं बांधलं. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. कोळिष्टकं, वाळकं गवत, कापूस, एका बसच्या तिकिटाचा तुकडा आणि सुकलेल्या झेंडूची पाकळी, असं सगळं जोडून मादीने लोंबती पिशवी केली. बाजूला लिंबाएवढं दार, दारावर चिमुकला छज्जा. नर नुसता ग्रिलवर बसून गायचा. मी घाईघाईने सगळ्या नळ्या मिळून सुतळीने बांधल्या आणि महिना-सव्वा महिना गॅलरीत पाणी घालायला चोरासारखी जात होते. दोन पिल्लं झाली.

पिल्लं उडाल्यावर आजोबा जिन्यात भेटले. "घंटी बिघडली का तुमची? बरेच दिवस आवाज नाही." मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान झालं. आता पिल्लं उडाली तरी घाई करू नका हं."

पारव्यांचं काय करायचं?

जाळी. दुसरा उपाय नाही. सीडी टांगल्या, प्लास्टिकचा कावळा ठेवला, किणकिणीही तिथे नेली. पारवा कावळ्याच्या डोक्यावर बसला. दोन काड्या टाकल्यात तोवरच उचला, अंडी घातल्यावर तुमचाच जीव होत नाही. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिची धूळ फुप्फुसाला वाईट. नाकाला फडकं बांधून, पाण्याने भिजवून मग काढा.

ओल्या कचऱ्याचं खत केलं तर वास येतो.

वास म्हणजे ओलं जास्त, हवा कमी. ओल्या कचऱ्याइतकाच, शक्यतो दुप्पट, कोरडा पालापाचोळा घाला आणि दोन दिवसांनी उलथा. भुऱ्या चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या तर किंचाळू नका, त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात आणि आपल्यापेक्षा जोरात काम करतात. कलिंगडाच्या साली बारीक चिरून, नाहीतर टोपल्यात तळं होतं. पालापाचोळा जाळण्याऐवजी वॉचमनकडून पोतंभर मागून घ्या, तो हसून देतो.

ब्रह्मकमळ कधी फुलतं? आणि ते खरंच हिमालयातलं का?

आपण गॅलरीत लावतो ते निशागंध, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं खरं ब्रह्मकमळ निराळं, ते तिथल्या उंच डोंगरांतच होतं. पण पुण्यात कुणाला हे सांगायला जाऊ नये. बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाशी पानाच्या खाचेतून कळी लोंबते, हुक्क्यासारखी वाकते, आणि ज्या संध्याकाळी ती फुगून टोक वर करते त्या रात्री फुलते. आठ-साडेआठला सुरुवात, मध्यरात्री पूर्ण, पहाटे गळालेलं. मधे एका रात्री नऊ कळ्या होत्या. मजल्यामजल्यांवर निरोप गेले, वहिनींनी मसाला दूध केलं, आजोबा स्वतःची घडीची खुर्ची घेऊन वर आले. पाकळी उघडताना हलते ते डोळ्यांना दिसतं, थोडा धीर धरला तर. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, त्याला आजोबांनीच दटावलं.

आठ दिवस गावाला जायचंय. झाडांचं काय?

कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. उंचावर पाण्याची बादली, त्यातून प्रत्येक कुंडीत सुती कापडाची जाड वात. जायच्या चार दिवस आधी लावून बघा. काही वाती पाणी ओढतच नाहीत, काही एका रात्रीत बादली रिकामी करतात आणि खाली पुन्हा नकाशा तयार होतो. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर "दिवसाआड, एकेक तांब्या" असं चिठ्ठीवर लिहा. माया करणारे शेजारी झाडं जास्त पाण्याने मारतात.

तुमच्याकडे फांद्या मिळतील का?

जून ते ऑगस्ट, रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा. जास्वंद, गवती चहा, पुदिना, ओवा आणि ब्रह्मकमळाचं पान कितीही न्या. जास्वंदीची फांदी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घ्या, खालची पानं काढून तिरपा काप द्या, वरचं टोक कुठलं ते लक्षात ठेवा. उलटी लावून "आली नाही" म्हणणारे दर वर्षी दोघे तरी असतात. पिशवी आपापली आणावी. मोगऱ्याच्या फांद्यांना नंबर लावावा लागतो, सध्या सहावा चालू आहे. बेल वाजवू नका, बिघडली आहे. किणकिणी हलवा, तेवढ्या वेळापुरती दारालाच टांगलेली असते.